सकाळी जायचं कुठे?

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, जिल्हा परिषदेतून निवृत्त. पत्नी ५८ वर्षांची, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. मुलगी बंगळुरूला स्थायिक. आता फ्लॅट विकून मोटरहोममधून कायमचं फिरायचा विचार आहे. बारा सीटची २०१९ सालची ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे, पिवळ्या पाटीची. इथल्या एका फॅब्रिकेटरने साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलंय: शॉवरसह बाथरूम, कमोड, ग्रॅनाइटचा ओटा, एक टनाचा एसी, टीव्ही, २०० लिटरची पाण्याची टाकी. यादीत काही राहिलं का? आणि रोजचे मुक्काम कुठे करायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पत्र निळ्या शाईत, सुबक, मुद्द्यांना आकडे घालून लिहिलेलं आहे. तीस वर्षं टिप्पण्या लिहिलेला माणूस लगेच कळतो. पण मी उत्तर द्यायला बसले ते तळाच्या एका ओळीमुळे. काळ्या बॉलपेननं, वेगळ्या अक्षरात, जागा उरली तिथं घुसवलेली ओळ: "सगळं खरं, पण सकाळी जायचं कुठे?" खाली सही नाही. ताई, अक्षर ओळखीचं नसलं तरी प्रश्न ओळखला. या पत्रातला कामाचा प्रश्न तोच आहे, तेव्हा सुरुवात तुमच्यापासून करते.

आम्ही दोघं गेली सहा वर्षं दसरा झाला की निघतो आणि मृगाच्या आत घरी येतो. गाडी तुम्ही बघितलीत तशीच. पहिल्या बांधणीत आम्हीही हौसेनं बाथरूम करून घेतलं होतं, तीन फूट बाय अडीच फूट. पहिल्या हंगामात त्यात एकूण नऊ अंघोळी झाल्या. आकडा लक्षात आहे, कारण प्रत्येक अंघोळीनंतर भिंती पुसायला मला पाऊण तास लागायचा. पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी गादीला कुबट वास. पुढे त्यात कांदे-बटाटे, चपला आणि छत्र्या राहायला गेल्या. तिसऱ्या वर्षी यांनी एका रविवारी पान्हे काढले आणि ते उचकटून टाकलं.

चूक आमच्या फॅब्रिकेटरची नव्हती. आम्ही व्हिडिओ बघितले होते ते तिकडचे, परदेशातले. तिकडे मोटरहोमवाल्यांसाठी बांधलेले तळ असतात. पैसे भरायचे, वीज जोडायची, पाणी भरून घ्यायचं आणि सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागी मोकळी करायची. सगळा संसार गाडीतच करायची चाल तिथे पडली, ती या सोयीच्या जोरावर. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही. पण आपल्याकडे जे जागोजागी आहे ते तिकडे तसं नाही: भक्तनिवास, धर्मशाळा, गुरुद्वारे, ढाबे, शेतकऱ्याचं अंगण. आपल्याकडे मुक्कामच अर्धं घर देतो. संडास, अंघोळीचं गरम पाणी, जेवण तिथे मिळतं. मिळत नाही ती गाडीतलं घाण पाणी सोडायची जागा. तेव्हा आधी मुक्काम कसले करणार ते ठरवायचं आणि मग त्याला बेतून गाडी बांधायची. तुम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली आहे.

तर ताई, सकाळी जायचं ते मुक्कामाच्या संडासात. गुडघ्यांसाठी मेडिकलच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची घ्या. खालचं भांडं काढलं की ती कुठल्याही देशी भांड्यावर उभी राहते. पायांना रबरी बूट आहेत की नाहीत, ते दुकानातच बघा. ओल्या फरशीवर घसरणारी खुर्ची नको. वजन चार-पाच किलो. माझ्या सासूबाईंना आम्ही हिच्या भरवशावर नर्मदा परिक्रमा घडवली, अर्थात गाडीने. रात्रीसाठी आणि पोट बिघडलेल्या दिवसासाठी वीस लिटरचं दोन खणांचं पोर्टेबल टॉयलेट पलंगाखाली सरकवून ठेवा. त्याचा खालचा खण सुटा होतो आणि नेऊन संडासातच ओतता येतो. तिथल्या सफाई करणाऱ्याला आधी विचारायचं, त्याच्या हातावर काही ठेवायचं, आणि नंतर दोन बादल्या पाणी आपण मारायचं. ओढा, नाला, शेताचा बांध इथे कधीही नाही. टॉयलेटात घालायचं निळं रसायन बेतानं वापरा, गावाकडच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू त्यानं मरतात.

बाथरूम गेलं की दोनशे लिटरची टाकीही जाते. पाणी म्हणजे वजन: दोनशे लिटर, दोनशे किलो. आम्ही ऐंशी लिटरवर तीन दिवस काढतो, त्यातलं पिण्याचं वेगळं. ओट्याचं सांगते. चार फूट बाय दोन फुटांचा ग्रॅनाइट ३५ किलोच्या आसपास भरतो, आणि घाटात प्रत्येक वळणाला खालच्या खिळ्या-स्क्रूंना हिसके देत राहतो. अठरा मिलिमीटरच्या प्लायचा आठ बाय चारचा एक तावच तीस किलोच्या वर जातो आणि फॅब्रिकेटर सगळीकडे तोच ठोकतो, कारण त्याच्याकडे तोच पडलेला असतो. पलंगाच्या चौकटीला ठीक आहे. कपाटांना बारा मिलिमीटर पुरे, तोही आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी वजनकाट्यावर न्या, सामानसुमान आणि तुम्ही दोघं धरून, आणि आरसी बुकातल्या एकूण वजनाशी आकडा ताडून बघा. मग एकदा फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन बघा. आमची पहिली गाडी मागे इतकी बसली होती, की कुंभार्ली घाट उतरताना स्टिअरिंग हातात हलकं लागायचं. हे गप्प होते आणि मी रामरक्षा म्हणत होते.

ओटा बाजूच्या दाराजवळ घ्या. फोडणीचा धूर बाहेर जातो, आणि भाकरी थापायची तर दारात परात मांडून बसता येतं. ताई, ओट्याची उंची तुमची तुम्ही ठरवा, स्टुलावर बसून हात पोचेल इतकी. फॅब्रिकेटर ती त्याच्या स्वतःच्या कमरेनं ठरवतो. गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर. तो ओळखपत्रावर मिळतो, काही पेट्रोल पंपांवरही असतो. त्याचा कप्पा गाडीच्या आतून बंद हवा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, पलंगाच्या पातळीला. वर जाळी ठेवून उपयोग नाही. थंडीच्या मुलखात गेलात तर शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातल्या विषारी वायूला वासच नसतो, झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

आता एसी. भाऊ, तुम्ही हिशोबाचे माणूस आहात, तर हिशोबच मांडते. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज. दोन छोटे पंखे रात्रभर, लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभर, दिवे आणि मोबाइल मिळून रोजचं एक युनिट जातं. म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात. टपावर चारशे वॅटचं सोलर घातलं तर थंडीतल्या स्वच्छ दिवशी दीड युनिटाच्या आसपास येतं, म्हणजे खर्च भागून वर थोडं उरतं. एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. अडीच तासात बॅटरी रिकामी, आणि तुम्ही मध्यरात्री घामानं जागे. एसी चालतो तो बाहेरची वीज जोडता येते तिथेच, आणि तशा जागी पंख्याची खोलीही मिळते. त्या पैशात छताला आणि बाजूंना उष्णतारोधक फोम चांगला जाड लावून घ्या, छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, खिडक्यांना डासांची जाळी. आणि मे महिन्यात चंद्रपूरला जाऊ नका, हे मी चंद्रपूरची माहेरवाशीण असून सांगते. एक कोडं मात्र सुटत नाही: सोलरला ऊन हवं आणि आपल्याला सावली. आम्ही एक पॅनल सुटं ठेवलंय, लांब वायरचं. गाडी झाडाखाली आणि पॅनल उन्हात. झाड मात्र बघून निवडा. नारळाखाली गाडी लावणारा माणूस कोकणात पाहुणा आहे हे लांबून कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण हे टाळू नका. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्यानं चालणारी, गाडी आधी परमिट परत करून पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी वापरात, आणावी लागेल. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवून घ्या. आतली बांधणी बदलायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस १२४ हे मानक आहे. तुमचा फॅब्रिकेटर त्याप्रमाणे काम करतो का ते विचारा. "ते आरटीओचं मी बघून घेतो" हे उत्तर असेल तर कोटेशन घडी करून खिशात ठेवा आणि दुसरा शोधा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर पैसे मागायच्या वेळी त्याच बदलाकडे बोट दाखवतील.

मुक्कामांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, मी जरा सैल हातानं लिहिते, कारण या प्रवासातली खरी कला तीच.

मुक्काम ठरवताना मी नकाशाच्या आधी कालनिर्णय उघडते. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांना पंढरपूरच्या वाटेला जायचं नाही. सोमवती अमावास्येला जेजुरी नको, अंगारकीला गणपतीपुळे नको, नवरात्रात तुळजापूर आणि कोल्हापूर नको, गुरुवारी अक्कलकोट नको. तेच अक्कलकोट मंगळवारी निवांत असतं. देवस्थानात शिरलं की थेट गाडी लावायची नाही. कार्यालयात जायचं, भक्तनिवासात एक साधी खोली घ्यायची, पावती करायची. झोपलात गाडीत तरी चालेल, पण पावती हातात असली की पहाटे दोनला काच वाजवणारा रखवालदारसुद्धा "झोपा काका" म्हणून जातो. आवारात सुकट परतायची नाही, हे सांगायला नको. नांदेडला हुजूर साहिबला आम्ही तीन दिवस राहिलो; लंगरात जेवलो, भांडी घासली, आणि गाडीतला गॅस पेटवलासुद्धा नाही.

एकदा फसलो ते सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात. संध्याकाळी पोचलो, गावाबाहेर प्रशस्त सपाट मैदान, कडेला हापसा, माणूस नाही. म्हटलं, वा! पहाटे साडेचारला आवाजानं जाग आली. खिडकी उघडली तर खिडकीला टेकून वांग्यांचं पोतं. आठवडी बाजाराचं मैदान होतं ते. चारही बाजूंनी टेम्पो, ताडपत्र्या, कोंबड्यांची खुराडी. यांनी दार उघडून "गाडी काढू का?" विचारलं तर एक बाई शांतपणे म्हणाली, "आता कुठं काढता? बसा." संध्याकाळी सहापर्यंत बसलो. आमच्या पायरीवर तिनं तागडी मांडली होती आणि आमच्या सावलीचा तिच्या कोथिंबिरीला चांगला उपयोग झाला. निघताना दोन जुड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कुठल्याही गावात शिरलं की पहिला प्रश्न: इथला बाजार कुठल्या वारी?

दुसरा प्रश्न: पोलीस पाटील कुठे राहतात? दोन मिनिटं जाऊन सांगून यायचं, आम्ही अमुक, एक रात्र आहोत, सकाळी जाऊ. गावाला बातमी त्यांच्याकडून कळली की रात्री टॉर्च मारत कोणी येत नाही. बऱ्याचदा शाळेचं पटांगण किंवा ग्रामपंचायतीचं आवार तेच सुचवतात. शाळेत थांबलात तर प्रार्थनेच्या आधी निघा.

आमच्यासारख्या गाड्यांना सगळ्यात सोयीचं मला विचाराल तर कृषी पर्यटन केंद्र. सपाट जागा, विहिरीचं पाणी, स्वच्छ संडास, पंधरा अँपिअरचा प्लग, आणि रात्री पिठलं-भाकरी आयती. जुन्नर, वाई, बारामती या पट्ट्यात अशी बरीच आहेत. शनिवार-रविवार शहरातले लोक येतात. सोमवार ते गुरुवार मालक गप्पांना मोकळा असतो आणि दरही बोलता येतो. फोनवर एवढंच विचारा: गाडी आत येईल का, फाटक किती रुंद, वर तारा किती उंचीवर? पर्यटन महामंडळाची निवासं हा दुसरा भरवसा: भंडारदरा, गणपतीपुळे, तारकर्ली, चिखलदरा. एक खोली घ्या, कपडे धुवा, गाडीतली बॅटरी चार्ज करा. आमचा शिरस्ता असा, की तीन रात्री गाडीत आणि चौथी पक्क्या छपराखाली. त्या चौथ्या रात्री आम्ही एकमेकांशी कमी बोलतो आणि ते दोघांनाही बरं वाटतं.

महामार्गावर थांबायचं झालं तर चोवीस तास चालणारा पंप किंवा मोठा ढाबा. मॅनेजरला विचारून, तिथे जेवून, तोंड बाहेरच्या बाजूला करून गाडी लावा. शेजारी शीतपेटीचा ट्रक असेल तर जागा बदला, त्याचं यंत्र रात्रभर घरघरतं. समृद्धीवर किंवा कुठल्याही द्रुतगती मार्गावर कडेला गाडी लावून डुलकी काढायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर मदतीसाठी १०३३ लावा. समुद्राच्या पुळणीवर गाडी उतरवायची नाही. ओहोटीला पक्की वाटणारी वाळू भरतीला चाकं गिळते, आणि मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. अभयारण्याच्या हद्दीत आणि धरणाच्या भिंतीजवळ रात्र काढू देत नाहीत, हुज्जत घालू नका. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर चूल-शेगडी पेटवली तर २०१९ पासून दंड आहे, तेव्हा चहा गाडीतच करा. केरळला जायचं असेल तर त्या सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि वागमणला पहिलं कॅराव्हॅन पार्क झालं, तेवढं लक्षात ठेवा.

आणि कुठेही असा, साडेचारच्या आत पोचा. उजेडात उतार दिसतो, फणसाची खाली आलेली फांदी दिसते, समोरच्या मांडवातले भोंगे दिसतात. कोकणातल्या वाड्यांत तर आधी एकानं चालत जाऊन बघून यायचं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये गाडी, आणि पुढे वळायला जागा नाही, हे आमचं झालंय. अर्धा किलोमीटर रिव्हर्स आलो, मागे अख्खी वाडी "येऊ द्या, येऊ द्या" करत.

फ्लॅट विकू नका. पावसाळ्यात ही गाडी राहायची जागा नाही. ओल, डास, बंद घाट, दरडी. संन्यासीसुद्धा चातुर्मासात एका जागी थांबतात, पायी परिक्रमा करणारेही थांबतात. तुम्हाला ते चार महिने गाडीची डागडुजी, दातांचा डॉक्टर आणि मुलीकडे जाऊन येणं यांत पुरणार नाहीत. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो; तुमच्या जिल्हा परिषदेत तो चालत असेल, तर त्यासाठी परतायची गरज नाही. पण पत्ता, आधार, विम्याची पत्रं, मतदान यांना दार लागतं. घरी उभ्या गाडीत उंदीर शिरतात, तेही सांगून ठेवते. धान्याचा एक दाणा आत ठेवायचा नाही आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचं. एका वर्षी त्यांनी आमची सोलरची वायर कुरतडली होती, एकशे चाळीस रुपयांची, पण कुठे तुटली ते सापडायला दोन दिवस.

आता करायचं काय ते. ॲडव्हान्स द्यायच्या आधी अशीच एखादी गाडी भाड्यानं घ्या, ड्रायव्हरसकट मिळाली तरी चालेल. मागच्या सीटवर एक गादी, एक पाच किलोचा सिलिंडर, दोन बादल्या, ती कमोड खुर्ची. नाशिक, भंडारदरा, जुन्नर, वाई, मग कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण आणि गणपतीपुळे. बारा दिवस. सोबत एक वही ठेवा आणि ती ताईंच्या हातात द्या. रोज काय लागलं आणि मिळालं नाही, काय नेलं आणि हात लागला नाही, दोनच रकाने. परत आल्यावर ती वही फॅब्रिकेटरपुढे ठेवा आणि नव्यानं कोटेशन मागा.

ग्रॅनाइटचे पैसे देऊन बसला असाल, तर तो दगड फ्लॅटच्या ओट्याला बसवून घ्या. पावसाळ्यात ताईंना तिथेच उभं राहायचं आहे.